जल्लादाच्या घराचं आढं

ग्राउबाखमध्ये ज्याचं मांजर कधी हरवलं नाही असा एकही अब्रूदार गृहस्थ नव्हता. मांजर हरवायचं ते बहुधा रविवारी, प्रवचनाच्या वेळी, आणि शोधायला जावं लागायचं ते नेमकं कातडी कमावायच्या चांभारकुंडांमागच्या बोळात. बोळात समोरून दुसरा गृहस्थ लंगडत आला की दोघं टोप्या उचलत. "मांजर?" "हो ना. करडं." एवढं बोलून आपापल्या वाटेनं जात. बोळाच्या टोकाला एंडरिसचं घर होतं. एंडरिस गावचा जल्लाद.

माणसांचे सांधे निखळवणं हे त्याचं सरकारी काम आणि ते बसवणं हा खासगी व्यवसाय. दोन्हीत त्याचा हात धरेल असा माणूस आसपासच्या मुलखात नव्हता. अडचण एवढीच होती की त्याला शिवलं की माणूस बाटायचा. त्याच्याबरोबर एक घोट बिअर प्यायलात की तुमच्या धंद्याचा संघ तुमचं नाव काढून टाकणार. मग तुम्ही सुतार असा, पिंपं बांधणारे असा, नाहीतर पाव भाजणारे. गुत्त्यात एंडरिससाठी दाराजवळ तीन पायांचं वेगळं स्टूल होतं. चर्चमध्ये खांबामागे वेगळी जागा होती. तिथून पाद्री दिसत नसे, नुसता ऐकू येई. काही लोक याला अन्यायही म्हणत.

तरीही हाडं मोडायची ती मोडतच. म्हणून गावानं आपसूक एक रीत पाडली होती. बोळात जे घडतं ते घडलेलं नसतं. एंडरिस हाड बसवायचा, आलेला माणूस कुंपणाच्या खांबावर एखादं नाणं किंवा सॉसेजचा तुकडा ठेवायचा आणि निघायचा. आभार मात्र मानायचे नाहीत. आभार मानले म्हणजे काहीतरी घडलं असं कबूल केल्यासारखंच.

फाइट रुमेल हा सुतारसंघातला मिस्त्री. आदल्या उन्हाळ्यात नगराच्या कोठारावर वासे चढवताना तो खाली आला आणि त्याचा उजवा खांदा जागेवरून सरकला. हात नुसता लोंबत होता. त्याची बायको टिला त्याला बोळात घेऊन गेली. "मिन्की! मिन्की!" अशा हाका मारत ती पुढे, आणि पांढराफटक फाइट मागे. एंडरिसनं त्याला जमिनीवर झोपवलं, काखेत टाच रोवली आणि हात धरला.

"ओरडा हवं तर, मिस्त्री," तो म्हणाला. "या घरात कुणी ओरडलं तर शेजारीपाजारी बघायला येत नाहीत."

फाइट ओरडला. खांदा बसला. पानगळ सुरू झाली तेव्हा तो पुन्हा रंधा मारत होता. खांबावर त्यानं एक अख्खं हॅम ठेवलं होतं, पण हॅमला बोलता येत नाही. सकाळी हत्यार उचललं की हात वर जायचा, आणि हात वर गेला की न मानलेले आभार आठवायचे. चर्चमध्ये तो त्या खांबाकडे बघत बसायचा. टिलाला वाटलं, याला आता देवाची ओढ लागली.

मग डिसेंबरात वादळ झालं. ते एंडरिसच्या छपराचं आढं मोडून गेलं आणि निम्मी कौलं चांभारकुंडात टाकून गेलं. घर नगराच्या मालकीचं, म्हणून नगरसभेनं तातडीनं दुरुस्तीचा हुकूम काढला. पुढच्या आठवड्यात आणखी तातडीनं काढला. सगळ्या सुतारांनी हुकूम ऐकला, मान डोलावली आणि कामाला गेले, दुसरीकडे. जल्लादाच्या घरावर एकट्यानं खिळा ठोकणारा सुतार दुसऱ्या दिवशी सुतार राहत नसे.

"त्यांचं तान्हं पोर टेबलाखाली झोपवतात," टिला एका संध्याकाळी कोबी चिरता चिरता म्हणाली. "तेवढीच कोरडी जागा उरलीय. एंडरिसची बायको बार्बेल रात्रभर भांडी सरकवत बसते, हिकडून तिकडं."

"तुला कसं कळलं?"

"मांजर शोधायला गेले होते."

फाइटनं चमचा खाली ठेवला. "उद्या जातो मी."

"जा की. आणि परवा?"

"परवाचं परवा बघू."

"परवाचं मी आत्ताच सांगते तुला. परवा संघ तुझं नाव काढून टाकेल. हत्यारं विकावी लागतील. आणि ईस्टरला आपल्या आपोलोनियाचं लग्न ठरलंय त्या पिंपवाल्याच्या घरी, ते लोक बाटलेल्या सुताराची मुलगी नेतील का? तुझा खांदा आहे, मान्य. पण त्याच्यावर आम्हीपण बसलोय."

टिलानं कोबी पातेल्यात लोटला आणि जरा वेळानं वेगळ्या आवाजात म्हणाली, "मला का ते पोर दिसत नाही होय? जायचं तर असं जा की तुला कुणी एकटा म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बोळात गेला. एंडरिस शिडीवर उभा राहून भोकावर ताडपत्री ताणत होता.

"खांदा पुन्हा निखळला?" त्यानं वरूनच विचारलं.

"खांदा चांगला आहे."

"मग? मांजर?"

"माझ्याकडे मांजर नाही, एंडरिस. कधीच नव्हतं."

एंडरिसनं खाली बघितलं. हे वाक्य त्या बोळात पहिल्यांदाच कुणी उच्चारलं असावं. फाइटनं पुढचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी गावचे नोटरी उगवले, डावा हात छातीशी धरून. ते थबकले, आकाशाकडे बघितलं, आणि "म्याऊ म्याऊ" करत मागे वळले.

"त्यांचा अंगठा आहे," एंडरिस म्हणाला. "दर थंडीत सुजतो. असो. तुम्ही काळजी करू नका, मिस्त्री. होल्त्सिंगनला माझा मेहुणा आहे, तिथल्या जल्लादाची जागा रिकामी झालीय. घर दगडी आहे. बार्बेल म्हणते, रस्ते मोकळे झाले की निघू."

"कायमचे?"

"जल्लाद कुठं पाहुणा म्हणून जात नाही."

फाइट घरी परतला तो वेशीबाहेरून, टेकडीकडून. टेकडीवर नगराचा फाशीचा खांब उभा होता. तो बघून फाइटचे पाय थांबले. तो शिकाऊ असताना हा खांब कुजून पडला होता आणि नवा उभा करायचा होता. फाशीच्या खांबाला हात लावणंही बाटण्याचंच काम. पण खांब तर हवा. मग जुन्या रिवाजाप्रमाणे नगरातले सगळे सुतार, गवंडी आणि लोहार ताशे वाजवत टेकडीवर गेले. पहिला घाव नगराध्यक्षांनी घातला आणि मग झाडून प्रत्येकानं एकेक. सगळेच शिवले, म्हणून कुणीच बाटलं नाही. घरी येऊन सगळ्यांनी बिअर प्यायली.

फाइट बराच वेळ त्या खांबाकडे बघत उभा राहिला. इतक्या आनंदानं त्या खांबाकडे आजवर कुणी बघितलं नसेल.

सुतारसंघाची सभा गुत्त्याच्या माडीवर भरली. संघाचे प्रमुख वेंडेल श्टोक. म्हातारा गुडघ्यांनी अधू, जिभेनं नाही. मेलेला कुत्रा अंगणातून उचलून पुरला म्हणून त्यांनी एका मिस्त्रीला संघातून काढलं होतं. तो मिस्त्री त्यांचा सख्खा साडू होता.

"जल्लादाचं घर," फाइट उभा राहून म्हणाला, "हा फाशीच्या खांबाचाच भाग आहे."

"कसा काय?" वेंडेलनी विचारलं. "घर इथं, खांब तिथं."

"खांबाला जल्लाद लागतो. जल्लादाला झोप लागते. झोपेला छप्पर लागतं. छप्पर नसेल तर न्याय ओला होतो, वेंडेलबाबा."

"अरे, मग उद्या जल्लादाची पाटलोण फाटली तर सगळ्या शिंप्यांनी ताशे वाजवत जायचं का?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"तो शिंप्यांचा प्रश्न आहे," फाइट म्हणाला. "आपल्यापुढे छपराचा आहे. सगळ्यांनी हात लावायचा, कुणी काही एकट्यानं करायचं नाही, तशी शपथ घ्यायची. खांबाला चालतं ते आढ्याला का चालू नये?"

"खांबानं कुणाची सोय होत नाही, म्हणून चालतं," वेंडेल म्हणाले. "ह्यानं जल्लादाची सोय होते. बसा खाली, रुमेल."

फाइट बसला. बसता बसता, आता काही उपयोग नाही अशा आवाजात म्हणाला, "बरं. तसाही तो होल्त्सिंगनला चाललाय."

माडीवरची सगळी डोकी त्याच्याकडे वळली.

"कोण चाललाय?" वेंडेलनी विचारलं.

"एंडरिस. बायकापोरांसह. तिथं दगडी घर देतायत."

कुणीतरी खोकलं. कुणीतरी आपलं मनगट गोल फिरवून बघितलं. होल्त्सिंगन म्हणजे घोड्यावरून दिवसभराचा रस्ता, आणि मोडका पाय घेऊन तेवढ्या लांब मांजर शोधायला जाणं कुणालाच शोभलं नसतं. वेंडेलनी दोन्ही हात आपल्या गुडघ्यांवर ठेवले होते.

"न्याय ओला होता कामा नये," ते शेवटी म्हणाले. "हा मुद्दा मघाशी नीट लक्षात आला नव्हता."

पुढच्या आठवड्यात, थंडीनं कडक झालेल्या एका स्वच्छ सकाळी, सगळं नगर ताशे वाजवत बोळात शिरलं. ज्या बोळात आजवर दोन माणसं मांजराखेरीज कशाबद्दल बोलत नसत, तिथं आता झेंडे, सनया आणि तीन धंद्यांचे मिस्त्री मावेनात. गैरहजर राहायची कुणाला मुभा नव्हती. जो आला नाही तो पुढं जन्मभर इतरांना बाटगे म्हणायला मोकळा राहिला असता. म्हणून तापानं फणफणलेला एक लोहारही पांघरुणासकट आणला होता. वेंडेलना खुर्चीत बसवून आणलं. प्रत्येकानं शपथ घेतली: आज इथं जे होईल ते सगळ्यांचं, एकट्याचं काही नाही.

नगराध्यक्षांनी झगा सावरून पहिला घाव घातला. तो वाशाऐवजी शिडीला बसला, पण पहिला घाव म्हणून मोजण्यात आला. मग एकेक जण येऊ लागला. खरं काम फाइट आणि दोघंतिघं मिस्त्री करत होते. बाकीचे रांगेनं येऊन आपला खिळा ठोकत आणि उतरत. आढं जागेवर बसलं तेव्हा त्यात लाकूड जास्त की लोखंड, हे सांगणं अवघड होतं. "आता जगबुडी आली तरी एवढं आढं वर तरंगेल," एक गवंडी म्हणाला.

दुपार कलायच्या आत शेवटचं कौल बसलं. ताशे थांबले. लोक हात झटकून निघायला लागले, आणि मग सगळे सुतार एकदम जागेवर उभे राहिले. ही गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती, फाइटच्याही.

फाशीचा खांब उभा केला की झालं, माणसं घरी जातात. छपराचं तसं नसतं. आढं चढलं की फरचं छोटं झाड वर बांधायचं, एका मिस्त्रीनं आढ्यावर उभं राहून घराच्या धन्याचं नाव घ्यायचं, त्याला आणि त्याच्या बायकापोरांना चार शब्द चांगले बोलायचे, मग धन्यानं स्वतःच्या हातानं भरलेला पेला एका दमात रिकामा करून खाली फोडायचा. त्याशिवाय छप्पर पुरं होत नाही. बोललं नाही तर ते छप्पर माणूस मारतं, असं ग्राउबाखचा प्रत्येक सुतार मानत होता. खिळे सगळ्यांनी मिळून ठोकता येतात. तोंड मात्र एकाचंच असतं, आणि जल्लादाच्या हातचा पेला ज्याच्या ओठाला लागेल तोही एकच.

"राहू दे," एकजण हळूच म्हणाला. "त्या पोराच्या डोक्यावर पडलं तर आपल्याला काय..." आणि तो स्वतःच गप्प झाला.

आढ्यावर फाइट एकटाच उरला होता. खालून बार्बेल त्याच्याकडे बघत होती, पोर छातीशी धरून. तिच्या मागे टिला उभी होती. टिलानं मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

"झाड द्या वर," फाइट म्हणाला.

झाड वर आलं. त्यानं ते बांधलं, टोपी काढली आणि सुरुवात रिवाजाप्रमाणे केली.

"देवाच्या कृपेनं आणि सुतारांच्या हातांनी हे आढं चढलं. पाऊस बाहेर राहो, ऊब आत राहो. या घराचा धनी एंडरिस, त्याची बायको बार्बेल आणि त्यांचं लेकरू इथं सुखानं राहोत, आगीपासून आणि वाऱ्यापासून देव त्यांना राखो." रिवाज इथं संपतो. फाइट थांबला नाही. "मागच्या उन्हाळ्यात मी कोठारावरून पडलो. हा हात लोंबत होता. मी वेशीवर बसून भीक मागतोय, असं मला तेव्हा डोळ्यांपुढं दिसत होतं. एंडरिसनं हात बसवला. त्याच हातानं आज मी आढं चढवलं, त्याच हातानं घरी जाऊन पाव कापीन, ईस्टरला लेकीचा हात धरून तिला चर्चमध्ये नेईन. एंडरिस, तुझे फार उपकार आहेत. आता पेला दे."

एंडरिस शिडी चढून आला. पेला काचेचा होता, काठोकाठ भरलेला. चढताना त्यातली थोडी बिअर सांडली, आणि एंडरिसचा हात चुकलेला गावानं आजवर पाहिला नव्हता. तो चुकणं कुणाला परवडलंही नसतं. फाइटनं पेला घेतला. तो प्यायला. मग पेला फोडायला त्यानं हात उगारला.

"रुमेल!" खुर्चीतून वेंडेल ओरडले. "फोडू नकोस तो!"

फाइटचा हात हवेतच थांबला. आता संघातून नाव कापलं जाणार, हे त्याला कळलं.

"आज इथं कुणी काही एकट्यानं करायचं नाही, अशी सगळ्यांनी शपथ घेतलीय," वेंडेल म्हणाले. "तू एकटा प्यायलास म्हणजे शपथ मोडली. शपथ मोडली म्हणजे सकाळपासून ज्यानं ज्यानं खिळा ठोकला तो प्रत्येक जण बाटला. मी, नगराध्यक्ष, सगळे. ह्याच्यावर उपाय एकच. पेला खाली पाठव. एंडरिस, भर."

हे तर्कशास्त्र समजायला गर्दीला थोडा वेळ लागला. समजल्यावर मात्र त्यातून सुटायची वाट कुणालाच दिसेना. एंडरिसनं खाली उतरून पेला भरला आणि खुर्चीपुढं धरला. वेंडेलनी तो दोन्ही हातांनी घेतला, एंडरिसकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच नीट बघितलं, आणि म्हणाले, "गुडघ्यांबद्दल. दोन्ही." आणि प्यायले.

मग पेला फिरू लागला. लोहार म्हणाला, "मनगट." एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलताच येईना, त्यानं आपल्या मोठ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला, सरळ उभ्या असलेल्या, आणि प्यायला. काही जण नुसतेच प्यायले आणि डोळे पुसून थंडी फार आहे म्हणाले. ज्यांचं आजवर काहीच मोडलं नव्हतं ते जरा ओशाळले, आणि पुढच्या वेळेबद्दल म्हणून प्यायले. बार्बेल पिंपाशी उभी राहून भरून देत होती. पोर आता टिलाकडे होतं.

सगळ्यात शेवटी नगराध्यक्ष प्यायले, आणि रिकामा पेला रिवाजाप्रमाणे फोडला. मग माणसं एंडरिसकडे बघू लागली, कारण घराच्या धन्यानं उत्तर द्यायचं असतं. एंडरिसला असं उत्तर देणं माहीत नव्हतं. चारचौघांत बोलायचं त्याला एकच वाक्य येत होतं: फाशी झाली की तो नगराध्यक्षांकडे वळून विचारायचा, मी काम नीट केलं का, आणि नगराध्यक्ष ठरलेलं उत्तर द्यायचे. त्यानं हात पाटलोणीला पुसले, सवयीनं तसाच वळला आणि विचारलं,

"महाराज, मी काम नीट केलं का?"

नगराध्यक्षांच्या मिशांना फेस लागला होता. "केलंस," ते सवयीनं म्हणाले, "न्यायाला आणि कायद्याला धरून." मग थांबून, कायद्यात नसलेलं एक वाक्य त्यांनी स्वतःहून जोडलं. "माझी पाठ आता पुष्कळ बरी आहे."

त्या दिवशी कुणीही वेळेवर घरी गेलं नाही.

संघानं पुढच्या सभेत ठराव केला की आढ्यावर बोललेलं जमिनीवर धरायचं नाही. गुत्त्यातलं तीन पायांचं स्टूल जागचं हललं नाही, तेवढी धाव ग्राउबाखची नव्हती. पण होल्त्सिंगनला एंडरिसनं नाही म्हणून कळवलं, फाइटचं नाव संघात राहिलं, आणि पिंपवाले लग्नाच्या दिवशी कोणती सॉसेज ठेवायची यावर भांडायला पुन्हा येऊ लागले.

हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी फाइट आणि टिला बोळातून घराकडे चालले होते. मागे सनईवाला अजून वाजवत होता, सूर सोडून.

"वर बोलताना घाबरला नाहीस?" टिलानं विचारलं.

"घाबरलो. वाटलं, एवढ्या थंडीत खांदा दुखेल, म्हणजे तेवढ्या सबबीवर खाली उतरता येईल. बराच वेळ वाट बघितली." त्यानं उजवा हात वर केला, खाली आणला, पुन्हा वर केला. "दुखलाच नाही गं."